दिवेलागणीच्या आत

आमच्या वाईच्या घरात मुलांसाठी नियम मोजून दोन होते. दिवेलागणीच्या आत घरी यायचे हा पहिला, आणि कृष्णेचे पाणी घाटाच्या ठरावीक पायरीवर चढले की घाटाकडे फिरकायचे नाही हा दुसरा. अभ्यास, परवचा, ताटात काही न टाकणे, आल्यागेल्याला नमस्कार करणे या गोष्टीही होत्याच. पण त्या घराच्या वळणातच मुरलेल्या होत्या आणि त्यांना नियम म्हणून वेगळे काढून कोणी सांगत नसे. सांगितले जात ते हे दोन, आणि ते पाळले की शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा सगळा वेळ आमच्या मालकीचा असे. त्या वेळात आम्ही गणपती आळीच्या घाटावर विटीदांडू खेळत होतो, मधल्या आळीत कोणाच्या परसातल्या चिंचा पाडत होतो, की पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशाच्या आकाराची बांधलेली ढोल्या गणपतीच्या देवळामागची ती दगडी भिंत, तिला टेकून नुसते बसलो होतो, याची चौकशी घरी कधी झाली नाही.

पायरीचा नियम आजोबांनी घातलेला होता. वरून नववी पायरी. तिचा उजवीकडचा कोपरा फुटलेला असल्यामुळे ती लांबूनही ओळखू येई. धोम धरण वाईच्या वरच्या अंगाला आहे. पावसाळ्यात तिथून पाणी सोडले की नदी मातकट होऊन फुगत जाई आणि पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत. तो फुटका कोपरा दिसत असेल तर घाट आमचा, दिसत नसेल तर नदीचा. कोणाला विचारावे लागत नसे. बोळाच्या तोंडाशी उभे राहून मान उंच केली की कळे. आजोबा तेव्हा ओसरीवर पानाचा डबा उघडून बसलेले असत आणि आई स्वयंपाकघरात असे, पण नियम तिथे पायरीवर हजर असे.

दिवेलागणीचा नियम मी एकदाच मोडला. डाव रंगला होता, चेंडू दिसत नव्हता तरी आवाजाच्या अंदाजाने आम्ही खेळत होतो, आणि घरी पोचलो तेव्हा देवापुढचे निरांजन लागून शुभंकरोतीसुद्धा संपलेली होती. आई एवढेच म्हणाली, "दिवा लागला. हातपाय धू." ओरडा नाही, रडारड नाही, मला वाटले, सुटलो. दुसऱ्या दिवशी चार वाजता बाहेर निघालो तर कोनाड्यात चपला नव्हत्या. त्या माळ्याच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेल्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळ मी ओसरीवरून पाहिली. तिसऱ्या दिवशी चपला पुन्हा कोनाड्यात होत्या आणि त्या विषयावर घरात कोणी अवाक्षर काढले नाही.

शाळेत मात्र सगळा कारभार छडीचा होता. त्या जमान्यासाठी गळा काढण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मुलांना शाळेत मारण्यावर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली, हे फार उशिरा झाले एवढेच मी म्हणेन. पण त्या छडीची एक गोष्ट तेव्हाही आमच्या ध्यानात आली होती. गुरुजी वर्गात असेपर्यंत टाचणी पडली तरी ऐकू येई, आणि ते मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळले रे वळले की फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत खडूचे तुकडे उडू लागत. नियम गुरुजींच्या हातात होता, त्यामुळे ते गेले की तोही त्यांच्याबरोबर वर्गाबाहेर जाई.

हे सगळे आता आठवायचे कारण माझी मुलगी. ती अकरा वर्षांची आहे, आम्ही पुण्यात एका मोठ्या गृहसंकुलात राहतो, आणि गेल्या वर्षी जूनमध्ये मी तिच्यासाठी एक वेळापत्रक तयार केले. त्याचे कौतुक मला अजूनही वाटते. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने होते, सहा रंग होते, अभ्यासाला हिरवा, पोहण्याला निळा, आणि एका गुलाबी रकान्यात 'साडेपाच ते सहा : मुक्त खेळ' असे मी स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्या ओळीतला विनोद मला तेव्हा दिसला नाही. बायकोला दिसला, आणि ती फ्रिजचे दार उघडता-मिटताना आठवडाभर गालातल्या गालात हसत होती. वेळापत्रक अकरा दिवस चालले. खरे सांगायचे तर ते अकरा दिवससुद्धा मुलीने नव्हे, मी पाळले. "साडेपाच झाले, खाली जा," "सहा वाजले, वर ये," "साडेसहा झाले, वही कुठे आहे?" असा मी दिवसभर टोल वाजवत होतो, आणि मुलगी त्या टोलावर उठत-बसत होती. बाराव्या दिवशी मला कार्यालयातून यायला आठ वाजले. घरात वेळापत्रकाचा मागमूसही नव्हता.

मग रागारागाने मी दुसऱ्या टोकाला गेलो. दिवाळीच्या सुट्टीत जाहीर केले की आता कसलेच बंधन नाही, तुला हवे ते कर. पहिले तीन दिवस सणासारखे गेले. चौथ्या दिवशी ती अकरा वाजता उठली, दुपारभर या खोलीतून त्या खोलीत भटकली, संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून आजीशी भांडली, आणि रात्री बाराच्या सुमाराला माझ्या उशाशी येऊन म्हणाली, "बाबा, उद्या काय आहे?" मी म्हणालो, "काही नाही." त्यावर ती ज्या पडेल चेहऱ्याने परत गेली तो चेहरा पाहून मला माझ्या स्वातंत्र्यवादाची थोडी लाज वाटली.

मुलांची शिस्त आणि मुलांचे स्वातंत्र्य ही तराजूची दोन पारडी आहेत, एक चढले की दुसरे उतरते, असे आपण धरून चालतो आणि मग जन्मभर इकडचे वजन तिकडे टाकत बसतो. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत जी बालशाळा काढली तिथे हा तराजू त्यांनी सरळ बाजूला ठेवला. त्यांच्या साधनांतले एक मला फार आवडते. लाकडाच्या एका लांब ठोकळ्यात दहा खळगे असतात आणि त्यांत बसणारे दहा दांडगोल, वर धरायला लहानशी गुंडी असलेले. दांडगोल सगळे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा आपापल्या खळग्यात बसवायचे. मुलाने मध्येच एक बारीक दांडगोल मोठ्या खळग्यात टाकला तर बाई काही बोलत नाहीत. बोलायची गरजच नसते, कारण शेवटी एक जाडा दांडगोल हातात उरतो आणि त्याला जागा नसते. मूल थबकते, ठोकळ्याकडे पाहते, आणि सगळे काढून पुन्हा सुरुवात करते. चूक सांगायचे काम त्या लाकडाने केलेले असते. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझ्या नवव्या पायरीचा फुटका कोपरा आठवला.

माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. पण त्यांची पद्धत त्यांच्या आधीच इकडे पोचलेली होती. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तिला आपल्या मातीची साधने दिली, १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. तिथली आदिवासी मुले शाळेच्या वेळेला गुरे घेऊन रानात जात, तेव्हा शाळेत का येत नाहीस म्हणून त्यांना दटावण्याऐवजी या बायकांनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा असे नाव पडले. मला यात विशेष वाटते ते हे की कुरणशाळा म्हणजे मोकाट शाळा नव्हती. शिकणे होते आणि शिकवणाऱ्या बाईही होत्या; फक्त दिवसाचा आराखडा घंटेने नव्हे, तर गुरांच्या चरण्याने ठरत होता, आणि गुरे कधी हलतात हे बाईंपेक्षा मुलांना जास्त चांगले कळत होते.

एवढा विचार झाल्यावर मी मुलीला समोर बसवले आणि म्हणालो, "संध्याकाळी परत कधी यायचं ते तूच ठरव. पण वेळ सांगू नकोस, खूण सांग." तिला हा प्रकार आवडला. बराच विचार करून ती म्हणाली, "खालच्या रस्त्याचे दिवे लागले की मी येईन." संकुलातले दिवे अंधार झाला की आपोआप लागतात, त्यामुळे कोणी पहारेकऱ्याला मस्का लावण्याचाही प्रश्न नव्हता. ठरले. थंडी-उन्हाळाभर बिनबोभाट चालले. मी खिडकीतून हाक मारणे बंद केले, आणि पहिले काही दिवस तर मलाच चुकल्या-चुकल्यासारखे होई.

मग पाऊस आला. जुलैमधल्या एका दिवशी असे आभाळ भरून आले की पावणेपाचलाच सगळे दिवे भगभगून लागले. मुले नुकती खाली उतरली होती. पाच मिनिटांत दार वाजले. दारात मुलगी, निथळणारी आणि संतापलेली. "दिवे लागले. आले." मला हसू आवरेना, पण तिच्या दृष्टीने हा शब्दाचा प्रश्न होता. मी म्हटले, जा परत, आज सूट आहे. ती म्हणाली, "सूट कशाला? खूणच चुकलीय." आणि वहीचे पान फाडून तिने नवी खूण लिहिली : दिवे लागले पाहिजेत आणि बगळेही गेले पाहिजेत. आमच्या गच्चीवरून संध्याकाळी बगळ्यांच्या ओळी नदीच्या बाजूला वसतीला जातात हे मी इथे आठ वर्षे राहून पाहिलेले नव्हते. तिने पाहिलेले होते.

सगळ्याच गोष्टींना अशी खूण सापडते असे मात्र नाही. मोबाईलला दिवेलागण नसते. नदीला पायरी होती, डावाला अंधार होता, पुस्तकालासुद्धा शेवटचे पान असते. या चौकोनी काचेत एक चित्रफीत संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि ज्यांनी ती बनवली त्यांनी फुटका कोपरा कुठेही राहणार नाही याची चोख व्यवस्था केलेली आहे. तिथे आम्ही गजर लावून पाहिला, वाळूचे घड्याळ आणून पाहिले. दोन्ही वेळा पहारा पुन्हा माझ्याकडेच आला. तूर्त रात्री जेवणाआधी घरातले सगळे मोबाईल, माझ्यासकट, देवघराशेजारच्या फळीवर जातात. हे मला फारसे पटलेले नाही, कारण यात मुलीला वाचता येईल अशी खूण कुठेच नाही, आहे ती फक्त आमची फळी. पण चपला फळीवर ठेवणाऱ्या आईचा मुलगा दुसरे काय करणार?

संध्याकाळच्या नियमाला मात्र आता चांगलीच मुळे फुटली आहेत. नोव्हेंबर लागला तशी मुलगी कुरकुरू लागली की खेळायला वेळच मिळत नाही, आणि दिवस परत कधी वाढणार हे बघायला तिने भिंतीवरची दिनदर्शिका काढून जमिनीवर पसरली. सूर्यास्ताच्या वेळांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "यात छपाईची चूक आहे." शाळेत शिकवले होते की सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास येतो, आणि इथे तर नोव्हेंबर संपता संपताच सूर्यास्त पुढे सरकायला लागलेला होता. मला समजावून सांगावे लागले की दिवस डिसेंबरात लहान होत राहतो तो सकाळच्या टोकाने, सूर्य अधिकाधिक उशिरा उगवतो म्हणून. त्या आठवड्यांत खरी माध्यान्ह रोज काही सेकंदांनी पुढे ढकलली जात असते आणि तिच्यासोबत सूर्यास्तही. तिला यातले कितपत कळले कोण जाणे. कामाचे तेवढे तिने उचलले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कार्यालयातून येत होतो, दिवे लागलेले होते, आणि ही फाटकाशी बॅडमिंटनची रॅकेट खांद्यावर टाकून, मान वर करून उभी होती.

"चल की घरी," मी म्हणालो.

"थांब ना बाबा," ती वरून नजर न काढता म्हणाली, "एक ओळ अजून यायचीय."