मिनेर्व्ह : पाण्यावाचून पडलेला गड

जुलैत दक्षिण फ्रान्समध्ये हिंडायला येऊ नकोस, असे तूलूजला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने फोनवर तीनदा बजावले होते. पण सुट्टी जुलैतच मिळाली, आणि मिनेर्व्ह हे गाव नेमके त्याच महिन्यात पाहिले हे आता बरेच झाले असे वाटते. नार्बोनहून निघाले की सपाट द्राक्षमळे लागतात. ओलोन्झाक मागे पडल्यावर रस्ता चढू लागतो, मळ्यांची जागा खुरटी झुडपे आणि पांढुरका खडक घेतो, आणि एका वळणावर एकदम दरी समोर येते. पलीकडे, सेस आणि ब्रियाँ या दोन नद्यांच्या बेचक्यातल्या उभ्या कड्यावर, मिनेर्व्ह बसलेले आहे.

गाडी गावाबाहेर ठेवून आम्ही उंच कमानींच्या पुलावरून चालत आत गेलो. वस्ती जेमतेम शंभरावर माणसांची. दोन-चार खानावळी, मिनेर्व्हवा वाइन विकणारी दुकाने आणि बंद खिडक्यांची दगडी घरे एवढाच पसारा, त्यामुळे गाव पाहायला अर्धा तास पुरतो. किल्ल्यापैकी ‘कांदेला’ नावाचा अष्टकोनी बुरुजाचा एक उभा तुकडा तेवढा उरला आहे. मुख्य गल्लीचे नाव मात्र पावले अडवते : र्‍यू दे मार्तिर, म्हणजे हुतात्म्यांची गल्ली.

ही कहाणी 1210 सालची. दृश्य जग हे दुष्ट शक्तीची निर्मिती आहे असे मानणारा आणि रोमच्या चर्चला न जुमानणारा कॅथार पंथ या प्रदेशात रुजला होता. पोप तिसरा इनोसंट याने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले, आणि त्या फौजेचा सेनापती सिमाँ द माँफोर याने उन्हाळ्यात मिनेर्व्हला वेढा घातला. कडे चढून जाणे अशक्य होते, म्हणून त्याने दरीपलीकडे दगड फेकणारी यंत्रे उभी केली. त्यांतल्या सर्वांत मोठ्या यंत्राला सैनिक ‘मालव्वाझीन’ म्हणत. या शब्दाचा अर्थ ‘वाईट शेजारीण’ असा आहे, आणि नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. एका रात्री गडावरच्या काही जणांनी गुपचूप उतरून, चरबीने माखलेल्या टोपल्या लावून हे यंत्र पेटवले. पण यंत्रावरचा एक जण नेमका त्याच वेळी लघवीला उठला, त्याने ज्वाळा पाहिल्या आणि आरडाओरडा केला. यंत्र वाचले, आणि मारा चालूच राहिला.

त्या माऱ्याने गाव हरले ते विहिरीपायी. कड्याच्या पायथ्याशी विहीर होती, आणि तिच्याकडे उतरणारी बंदिस्त वाट दगडांनी फोडून काढली गेली. सहा-सात आठवड्यांनी गडाचा स्वामी गिलेम शरण आला. पंथ सोडणाऱ्याला जीवदान मिळेल असे ठरले. तरीही 140 च्या आसपास कॅथार साधक-साधिकांनी नकार दिला, आणि त्यांना जाळण्यात आले.

“ताई, इथे कड्यात टाकी का खोदली नाहीत गं?” मी विचारले. सह्याद्रीतल्या गडांवर चढल्यावर माणूस आधी पाण्याचे टाके शोधतो, ती सवय सुटत नाही. “आपला काळा पाषाण पाणी धरतो, इथल्या चुनखडीत ते जिरून जात असेल,” ताई म्हणाली. तिचा अंदाज बरोबर असो वा नसो, सेस नदी उन्हाळ्यात जमिनीखाली नाहीशी होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. चर्चजवळच्या उभ्या शिळेत झाँ-ल्यूक सेव्हराक या शिल्पकाराने कबुतराच्या आकाराचे आरपार भोक कोरले आहे. त्यातून पलीकडचे आकाश दिसते. मारल्या गेलेल्यांचे एवढेच स्मारक मला पुरेसे वाटले. चर्चमधला 456 सालचा संगमरवरी वेदीचा दगड त्या वेढ्याहूनही साडेसातशे वर्षांनी जुना आहे, आणि त्यावर जुन्या भाविकांनी आपापली नावे खरवडून ठेवली आहेत. गडांच्या भिंतींवर बदाम कोरणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगू नये.

दुपारी आम्ही सेसच्या कोरड्या पात्रात उतरलो. नदीने डोंगर पोखरून इथे दोन नैसर्गिक बोगदे केले आहेत, त्यांतला मोठा दोनशे मीटरच्या पुढे जातो. आत पाऊल टाकताच घाम थंड पडतो, पायाखाली गोटे खडखडतात आणि आपलाच आवाज मागून परत येतो. तोंडाशी कातळाला हात लावला तर त्यात तांदळाच्या दाण्यांसारखे अगणित कण दिसले; ते प्राचीन समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे कवच आहेत, असे ताईने सांगितले. म्हणजे हा तहानलेला कडा मुळात समुद्राचा तळ होता.

परतताना ब्रियाँच्या बाजूने चढायचे ठरवले, म्हणजे विहिरीची जागा खालून पाहता आली असती. ती पाहिली, वर गावाकडे मान वर करून बघितले, आणि भरलेली घागर घेऊन ही चढण रोज चढणाऱ्या बायकांचा विचार करत वाटेला लागलो. आमच्या दोघींत लिटरभराची एक बाटली होती. अर्ध्या चढणीवर ती संपली, तेव्हा ताई एका अंजिराच्या सावलीत बसली आणि वर पोहोचेपर्यंत आम्ही एकमेकींशी फारसे बोललो नाही.