काकींची पेज आणि औषधांची पिशवी

गोव्यात फोंड्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ आहे. पोटविकाराच्या डॉक्टरांकडून येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘आहार सल्ला’ एवढंच असतं. त्या सकाळच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव होतं, कोलॅजेनस कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा एक प्रकार, आणि खाली हाताने लिहिलेली एक ओळ: ‘वजन फार उतरतंय, नीट बघा.’

साठी ओलांडलेल्या काकी सुनेबरोबर वाळपईहून बसने आल्या होत्या. वाटेत जावं लागलं तर काय करायचं, या धास्तीने त्यांनी आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ओठ सुकून पांढरे पडलेले. आधी ओआरएसचा ग्लास हातात दिला, संडास दाराला लागूनच आहे हे दाखवलं. मग त्या बोलायला लागल्या.

वर्षभर पाण्यासारखे जुलाब. दिवसाला आठ-दहा वेळा, शिवाय रात्री झोपेतून उठवणारे. देवळातलं भजन सुटलं, लग्नकार्याला जाणं सुटलं. सुरुवातीला कुणीतरी ‘टेन्शनचं पोट’ म्हणून गोळ्या दिल्या होत्या. रात्री गाढ झोपेतून उठवणारे जुलाब सहसा टेन्शनचे नसतात, पण ते विचारलं तर कळतं. आमच्या डॉक्टरांनी विचारलं आणि दुर्बिणीने तपासणी केली. आतडं आतून अगदी स्वच्छ दिसत होतं. या आजारात तसंच दिसतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या आणि डाव्या भागातून तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरच तो सापडतो. काकींच्या तुकड्यांत अस्तराखालचा कोलॅजेनचा, म्हणजे एका तंतुमय प्रथिनाचा, थर १० मायक्रोमीटरहून जाड निघाला. दुसऱ्या प्रकारात, लिम्फोसायटिक कोलायटिसमध्ये, हा थर जाड नसतो, पण अस्तरात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. दोन्ही मिळून मायक्रोस्कोपिक कोलायटिस. पन्नाशी-साठीनंतरच्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढत नाही, हे मी काकींना दोनदा सांगितलं, कारण ‘तुकडा काढला’ म्हटल्यावर घरात सगळ्यांनी तोच अर्थ लावला होता.

“सध्या जेवता काय?” मी विचारलं.

“उकड्या तांदळाची पेज आणि मीठ.”

“बाकी?”

“बाकी काही नाही गो बाय. जे खाते ते बाधतं.”

सुनेने सांगितलं ते ऐकून मला वाईट वाटलं. एक वाईट दिवस आला की आदल्या दिवशीचा एक पदार्थ बंद. असं करत दूध गेलं, मासे गेले, डाळ गेली, पाव-चपाती गेली, नारळ गेला. आणि एवढं सोडूनही जुलाब तसेच. नुसत्या पेजेवरही आतडं पाणी सोडत असेल तर दोष ताटाचा नाही, सुजलेल्या अस्तराचा आहे.

मी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. थायरॉइडची गोळी निघाली. जुलाब थांबवायची लोपेरामाइड निघाली. याच आजारावर दिलेल्या बुडेसोनाइडच्या कॅप्सूलचं पाकीट निघालं, एकही कॅप्सूल न काढलेलं. आणि गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅकची स्ट्रिप, जवळजवळ संपलेली, सोबत पित्ताची पॅन्टोप्राझोल. या दोन्ही गावच्या मेडिकलमधून आणलेल्या. ‘त्या गुडघ्याच्या, पोटाच्या नव्हेत’ म्हणून डॉक्टरांना सांगितल्याच नव्हत्या.

वेदनाशामक गोळ्या, पित्ताच्या या जातीच्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं यांचा या आजाराशी संबंध दिसून आलेला आहे. प्रत्येक रुग्णात तेच कारण असतं असं नाही, पण चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायला हवं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते दोन रुग्णांच्या मध्ये स्वतः खाली आले. डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि लावायचं मलम. पित्ताची गोळीही बंद.

बुडेसोनाइड काकींनी घेतलंच नव्हतं, कारण शेजारणीने ‘स्टेरॉइड आहे, हाडं पोकळ होतील’ म्हणून घाबरवलं होतं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. “काकी, हे आतड्यात काम करतं. रक्तात उतरतं त्यातलं बहुतेक, ९० टक्क्यांच्या आसपास, यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. म्हणून बाकी शरीराला त्रास कमी.” सकाळी ९ मिलिग्रॅम, सहा ते आठ आठवडे, मग हळूहळू कमी. मनाने थांबवायचं नाही. ग्रेपफ्रूट या काळात नको. आपल्याकडचं पपनस त्याच कुळातलं, तेही नको.

काकींनी पहिली कॅप्सूल माझ्यासमोर घेतली.

मग माझं काम सुरू झालं. या आजाराचं सिद्ध झालेलं असं एकच पथ्य नाही, म्हणून काय काढायचं यापेक्षा काय परत द्यायचं हे मी आधी लिहिलं. पेजेत मुगाची डाळ शिजवून घाला. रोज एक अंडं. बांगडा किंवा मुडदुशी, तळलेली नको, तिखट-तेल कमी घातलेल्या हुमणात. सोलकढीऐवजी नारळाच्या दुधाशिवायची फुटी कढी. केळं, उकडलेला बटाटा. पावाचं मी रक्ततपासणीच्या तारखा पाहून ठरवलं: सिलिअॅकची तपासणी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडतं का याची, गहू खात असतानाच केली तर खरी ठरते. काकींची झाली तेव्हा त्या रोज पाव खात होत्या आणि ती निगेटिव्ह होती. म्हणजे पोदेराचा पाव परत. दूध मात्र दोन आठवडे बाजूला, मग थोडं थोडं घालून पाहायचं. चहा दिवसाला एकच कप. तोंड कोरडं पडतं म्हणून त्या शुगर-फ्री गोळ्या चघळत. त्यातल्या सॉर्बिटॉलने जुलाब वाढतात, त्या बंद केल्या.

दोन आठवड्यांनी सुनेचा फोन आला: दिवसाला दोनदा, आणि रात्रभर झोप. वजन यायला त्याहून वेळ लागला. औषध पूर्ण थांबल्यावर काही महिन्यांत जुलाब परत आले, जे या आजारात बऱ्याच जणांचं होतं. या वेळी काकींनी जेवण सोडलं नाही, सरळ डॉक्टरांकडे आल्या. आता रोज ३ मिलिग्रॅमवर आहेत, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व.

परवा फोन करून त्यांनी विचारलं, चवथीला खतखतं खाऊ का? नारळातली मिश्र भाजी ती. वाटीभर खा म्हटलं, खोबरं जरा कमी घाला, आणि दुसऱ्या दिवशी पोट कसं आहे ते कळवा.