तिवराचं पान

घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला चहाला थांबलं की माझ्या डोक्यात दरवेळी एकच खूळ शिरतं. इथून पश्चिमेला ओघळलेलं पावसाचं पाणी बघता बघता कोकणातल्या खाडीला लागतं. पूर्वेला ओघळलेलं मात्र कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि मग अख्खं दख्खन तुडवत थेट बंगालच्या उपसागरात. समुद्र एवढा उशाशी असून हा वळसा! अस्सल कोल्हापुरी पाणी, दुसरं काय.

मागच्या मे महिन्यात देवगडकडच्या एका खाडीत उतरलो होतो. ओहोटी. चिखलात पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी तिवराची, म्हणजे खाडीतल्या एका खारफुटीच्या झाडाची, श्वासमुळं, आणि त्यांच्यामधून टुणटुण उड्या मारणारे निवटे, चिखलातले मासे. होडीवाले काका म्हणाले, "पान चाटून बघा." चाटलं. खारट! झाडात शिरलेलं जादा मीठ तिवर पानावाटे बाहेर टाकतं; उन्हानं पाणी उडून जातं, कण तेवढे मागं राहतात. नीट बघितलं तर पानावर साखर भुरभुरल्यासारखे दिसतात. मी आणखी दोन पानं चाटली. बायको लांब जाऊन उभी राहिली.

आठवड्यानं शिरोळला मामांकडं गेलो. त्यांच्या खालच्या रानात पांढरं फटक पडलंय. काळी जमीन, वर्षानुवर्षं उसाला ढिगानं पाणी, निचरा नाही. मग खालचं पाणी क्षार घेऊन वर येतं, ऊन पाणी नेतं आणि क्षार तिथंच राहतो. तालुक्यात अशी क्षारपड रानं कितीतरी. आता मामा जमिनीखाली भोकं पाडलेले पाईप टाकून घेणार आहेत. जादा पाणी क्षारासकट ओढ्याला, तिथून नदीला.

मी ढेकूळ उचललं, बोट ओलं करून टेकवलं आणि जिभेवर ठेवलं. मिठापेक्षा कडवट, तुरट. कृष्णेच्या मुखाशीही खारफुटीचं अभयारण्य आहे. हा क्षार तिथंवर पोचेल का, असा विचार करत उभा होतो. मामांना तिवराचं पान सांगितलं, फोटो दाखवला, झाड मीठ कसं बाहेर टाकतं तेही सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा करून बघितला.

"लई भारी," म्हणाले. "आणि त्यात ऊस येतोय व्हय?"