चालू गाडी का विकली

गाडी विकली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, काय बिघडलं होतं? आणि उत्तर ऐकून समोरचा जरा विचित्र नजरेनं बघतो, कारण काहीच बिघडलं नव्हतं. पटकन स्टार्ट व्हायची, नऊ हजार आरपीएमपर्यंत विनातक्रार जायची, रस्त्यात कधी बंद पडली नाही. तरी विकली, इंजिनाची काळजी वाटत होती म्हणून. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांना हे समजावण्यात अर्थ नाही, आणि ज्यांना आहे त्यांना नुसतं "रोटरी होती" म्हटलं की ते "अच्छा अच्छा" करून विषय बदलतात.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. नेहमीच्या इंजिनात पिस्टन मागेपुढे धडका मारत असतात. रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. मधे किंचित चिमटलेली एक लंबगोल पोकळी, तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर गरगर फिरतो आणि फिरता फिरताच हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं सगळं उरकतो. माझ्या गाडीत असे दोन रोटर होते आणि त्यांच्या मधून जाणारा एक शाफ्ट. मोठे हलणारे भाग म्हणाल तर एवढेच. त्यामुळे थरथर जवळजवळ नाहीच, आणि १.३ लिटरचं एवढंसं इंजिन वर वर चढतच राहतं, कुठे दमल्यासारखं वाटत नाही, आवाज बारीक बारीक होत जातो आणि शेवटी डॅशबोर्डमधून बीप येतो की बाबा आता तरी गिअर टाक. त्या बीपसाठी मी लांबच्या रस्त्यानं घरी यायचो. गाडी आवडण्याची कारणं लोक डिझाइन वगैरे सांगतात, माझं कारण तो बीप.

घोळ आहे तो रोटरच्या तीन टोकांना. प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी असते, एपेक्स सील, खालच्या स्प्रिंगमुळे ती भिंतीला टेकून राहते आणि सगळं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा-पेट्रोल दाबून धरणं, तिच्या भरवशावर. सतत घासायचं म्हणजे झिजणं आलंच, म्हणून तिला वंगण मिळावं यासाठी इंजिन मुद्दाम थोडं थोडं ऑइल आत सोडून जाळतं. थोडं ऑइल खाणं हा दोष नाही, डिझाइनच तसं आहे. साहजिकच टाकी भरली की बॉनेट उघडून डिपस्टिक पुसायची, बघायची, हे अंगवळणी पडतं. आणखी एक, थंड इंजिन चालू करून, गाडी जागेवरून जराशी हलवून लगेच बंद करायची नाही, प्लग पेट्रोलनं भिजतात आणि मग बसा स्टार्टर मारत. हे सगळं मी हौसेनं करत होतो, त्याचा त्रास कधी वाटला नाही. पण सील झिजायला लागली की त्याची एक खूण असते. थंड असताना झटकन चालू होणारी गाडी गरम असताना जास्त वेळ स्टार्टर मारायला लावते.

हे कळलं आणि तिथून माझं बिनसलं. पेट्रोल पंपावर इंजिन बंद करावंच लागतं. पैसे देऊन परत आलो की किल्ली फिरवायच्या आधी माझा हात जरा थबकायचा. चालू व्हायची, प्रत्येक वेळी व्हायची. पण आज जरा जास्त वेळ घेतला का? मोबाईलवर स्टार्टरचा आवाज रेकॉर्ड करायला लागलो, आणि रात्री हेडफोन लावून जुनं रेकॉर्डिंग आणि आजचं रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकायचं. बायको एकदा म्हणाली, "गाडीत बसलास की तू बोलत नाहीस हल्ली. गाणी बंद, एसी बंद, नुसता कान लावून बसतोस." खरंच होतं ते. ज्या आवाजासाठी गाडी घेतली तो आवाज मी आता ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा ऐकत होतो.

कॉम्प्रेशन टेस्ट पण करून घेतली. त्याला वेगळा मीटर लागतो, कारण साध्या गेजवर रोटरच्या तीन बाजूंपैकी जी सगळ्यात चांगली तिचाच आकडा दिसतो, बाकीच्या दोन तिच्या आड लपून जातात. दोन रोटर, तीन तीन बाजू, म्हणजे सहा आकडे. सहाही व्यवस्थित आले. मेकॅनिक कागद हातात देत म्हणाला, "हेल्दी आहे, बिनधास्त चालवा." काही दिवस हवेत होतो. मग डोक्यात आलं, आकडे चांगले आहेत म्हणजे इथून पुढे ते खालीच जाणार ना!

हा किडा माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही बरं का. एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीनं १९६७ मध्ये आरओ ८० ही रोटरीवाली गाडी काढली, १९६८ ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली ती, आणि मग सुरुवातीच्या गाड्यांची सीलं धडाधड जायला लागली, कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून देऊन देऊन जेरीला आली. असं सांगतात की तेव्हा आरओ ८० वाले रस्त्यात एकमेकांना दिसले की हात हलवण्याऐवजी बोटं दाखवायचे, आतापर्यंत किती इंजिनं बदलली त्याची. हे इंजिन ज्याच्या डोक्यातून निघालं त्या फेलिक्स वँकेलकडे तर ड्रायव्हिंग लायसन्सच नव्हतं, नजर फार कमजोर होती. सुटला बिचारा.

आणि याच्या अगदी उलट १९९१ चं ल माँ. चोवीस तासांची शर्यत, माझदाची चार रोटरवाली ७८७बी जिंकली, तिथे जिंकणारी पहिली जपानी कंपनी. शेवटचा टप्पा जॉनी हर्बर्टनं चालवला आणि उतरल्यावर तो इतका गळून गेला होता की पोडियमवर जाऊच शकला नाही. गाडी चोवीस तास ठणठणीत, ड्रायव्हर आडवा! हा किस्सा मी जाईल तिथे सांगायचो, मुख्यतः स्वतःला धीर यावा म्हणून.

पण खरी गोची वेगळीच होती. रोटरी जाणणारे सगळे एकच सांगतात, हिला घाबरून चालवू नका, इंजिन नीट गरम होऊ द्या आणि मग वरपर्यंत न्या, हळूहळू चालवत राहिलात तर आत कार्बन साचतो. आणि मी काय करत होतो, तर काळजीपोटी चार हजारच्या वर जातच नव्हतो. तो बीप कित्येक महिने ऐकलाच नव्हता. म्हणजे गाडी दारात, तिचे हप्ते चालू, ऑइल चालू, आणि चालवतोय एखाद्या छोट्या हॅचबॅकसारखी. हे लक्षात आलं त्या संध्याकाळी जाहिरातीसाठी फोटो काढले.

घेणारा मुलगा स्वतः रोटरी खोलतो. मी सहा आकड्यांचा कागद, रेकॉर्डिंग, ऑइलचा हिशोब सगळं समोर मांडलं, त्यानं कागद वरवर बघितला आणि विचारलं, "काका, वरपर्यंत जाते ना?" म्हटलं, जाते. "मग झालं. गेलं तर बांधू की परत." मला इतका राग आला त्याच्या निवांतपणाचा, खरं सांगतो. पण किंमतीत मी फार ताणलं नाही.

आता मित्र मुद्दाम रोटरीच्या बातम्या पाठवतात. माझदानं २०२३ मध्ये एमएक्स-३० मध्ये रोटरी परत आणलं, ८३० सीसी, एकच रोटर. बातमी खाली "घे आता, बिनधास्त" असं लिहून आलं. उत्सुकतेनं वाचलं तर ते इंजिन फक्त बॅटरी चार्ज करायला आहे, चाकांशी त्याचा संबंधच नाही. जनरेटर! पाठवणाऱ्या मित्राला लिहिलं, त्यापेक्षा त्या पोराकडून माझीच परत घेईन. त्यावर त्याचा लगेच रिप्लाय, "विचारू का त्याला?" अजून उत्तर दिलेलं नाही.