अवघडलेले शब्द

लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलंय. वर जाईना, खाली येईना. इंग्रजीत असं कपाट ‘ऑकवर्ड’. ते उचलताना भिंतीचा पोपडा काढणारा आणि वर स्वतःचं बोट चेमटवून घेणारा तो ‘क्लम्झी’. जिन्यात खोळंबलेल्या शेजाऱ्यांसमोर पसरते ती शांतता पुन्हा ऑकवर्ड. शांततेला कुणी क्लम्झी म्हणत नाही. मराठीत आणताना आपण या सगळ्यांना ‘विचित्र’ म्हणून मोकळे होतो आणि भाषांतर तिथेच फसतं.

‘क्लम्झी’चं मूळ थंडीत आहे. इंग्रजीत पूर्वी ‘क्लम्स’ असं एक क्रियापद होतं: गारठ्यानं बधिर होणं. शब्द आला स्कँडिनेव्हियाकडून, आणि तिकडच्या हिवाळ्यात तो किती उपयोगी पडत असेल ते सांगायला नको. बोटं आखडलेली, बटण काजात जात नाही, दोरीची गाठ सुटत नाही. यात माणसाचा काय दोष? पण सोळाव्या शतकाच्या शेवटी ‘क्लम्झी’ रूढ झाला, आणि पुढे थंडी विसरली गेली. दोष तेवढा माणसाला चिकटला.

आपलं ‘अवघडणं’ याच वाटेनं गेलंय. मांडी घालून तासभर बसलं की पाय अवघडतो. परक्यांच्या बैठकीत मन अवघडतं. गंमत अशी, की जन्मानं तो ‘क्लम्झी’चा भाऊ, पण भाषांतरात बसतो ‘ऑकवर्ड’च्या जागी. ‘अवघडलेली शांतता’ अगदी चपखल. ‘क्लम्झी’ला मात्र नेमका शब्द सापडत नाही. धांदरट घाई करतो, वेंधळ्याचं लक्ष नसतं. क्लम्झी माणूस सावकाश, जीव लावून कप उचलतो आणि तरीही सांडतो.

‘ऑकवर्ड’मधला ‘ऑक’ जुन्या नॉर्समधला, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतला, अर्थ उलट्या बाजूचा. आणि ‘वर्ड’ म्हणजे ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’मधला तोच, दिशा दाखवणारा. थोडक्यात, उलटीकडे तोंड असलेला. स्पेलिंगच्या मधोमध डब्ल्यू, के, डब्ल्यू अशी जी कोंडी झालीय, ती पाहता शब्द नावाला जागतो.

डावखुऱ्यांवर तर उघड अन्याय आहे. फ्रेंचमध्ये ‘गोश’ म्हणजे डावा. इंग्रजीत गेल्यावर तो चारचौघांत कसं वागावं हे न कळणारा झाला. (स्पेलिंग पाहून ‘गॉचे’ म्हणणं हेही तसं गोशच.) बशी फोडणारा गोश नव्हे, पंगतीत शेजाऱ्याला पगार विचारणारा गोश. ‘मॅलड्रॉइट’ म्हणजे अकुशल; त्याच्या पोटात उजवा दडलाय, फक्त आधी ‘वाईट’ लावून. ‘डेक्स्टरस’ म्हणजे कुशल, कारण लॅटिनमध्ये ‘डेक्स्टर’ उजवा. आपणही कमअस्सलाला ‘डावं’ म्हणतोच, तेव्हा फार हसायला नको.

‘अनकूथ’ची कथा वेगळी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘अनोळखी’. ‘किथ अँड किन’मधला ‘किथ’ याच कुळातला, म्हणजे ओळखीपाळखीची माणसं. जो ओळखीचा नाही तो परका, परका तो चमत्कारिक, चमत्कारिक तो असंस्कृत. ‘बूअर’चंही तेच: डच शेतकरी इंग्रजीत येऊन गावंढळ ठरला. मराठीनं ‘गावंढळ’ शब्द घडवताना बिचाऱ्या गावालाच वेठीला धरलं.

उरलेले शब्द मालाच्या प्रतीवरून आले. ‘क्रूड’ म्हणजे कच्चं, म्हणून खनिज तेलाला ‘कच्चं तेल’ म्हणतो ते मुळाला धरून. त्याच लॅटिन शब्दातून ‘क्रुएल’ही निघाला, कच्च्या मांसाचं रक्त तिथवर ठिबकलंय. ‘रूड’ म्हणजे हात न फिरवलेला, न घडवलेला. तो ओबडधोबडपणा काढून टाकला की माणूस ‘एरुडाइट’, म्हणजे व्यासंगी. म्हणजे मुळाकडे पाहिलं तर उद्धट आणि पंडित एकाच घरातले.

आणि ‘रफ’? मुळात केसाळ, न भादरलेला. त्या हिशेबानं शाळेतली रफ वही हा या शब्दाचा सर्वांत प्रामाणिक वापर: कोपरे दुमडलेले, बेरजांवर फुल्या, मागच्या पानावर फुली-गोळ्याचा डाव, आणि मुखपृष्ठावर मात्र नाव, इयत्ता, तुकडी सुवाच्य अक्षरात.