हिवाळ्यात काझाला डिझेल गाडी नेणाऱ्यांसाठी: टाकी फुल्ल करू नका

मुंबईहून हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात, म्हणजे तिथल्या काझा या मुख्य गावी, डिझेल गाडी घेऊन जाण्याचा विचार असेल, तर ‘वर उत्तरेत थंडीचे डिझेल मिळते, काळजी नको’ हे वाक्य निघण्यापूर्वीच डोक्यातून काढून टाकावे. मुलुंडपासून वांद्र्यापर्यंत ज्याला विचारले त्याने आम्हांला हेच ऐकवले, आणि त्यावर विसंबून गेल्यामुळे काझाच्या वाटेवरच्या नाको गावात आमची गाडी दुपारपर्यंत जागची हलली नाही. हे वाक्य पूर्ण खोटे असते तर कोणीतरी ते खोडून काढले असते. ते अर्धे खरे आहे, म्हणूनच टिकून आहे.

डिझेलमध्ये मुळातच पॅराफिन मेण विरघळलेले असते. थंडी वाढली की डिझेल आधी गढूळ दिसते, मग त्यात मेणाचे बारीक स्फटिक धरतात, आणि टाकीतले डिझेल अजून वाहते असतानाच हे स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचून वाट बंद करतात. त्यामुळे टाकीचे झाकण उघडून आत डोकावल्याने काहीही कळत नाही. फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा भारतीय मानकात ठरवून दिलेली आहे: उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आणि हिवाळी डिझेलसाठी ६ अंश सेल्सिअस. मुंबईच्या किमान तापमानाचा विक्रम ७.४ अंशांचा, तोही जानेवारी १९६२ मधला. तेव्हा इथल्या मेकॅनिकने हा प्रकार कधी पाहिलेला नसतो, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सल्ला देण्यास तो कचरतही नाही. पंजाब-हरयाणाच्या मैदानात थंडीत विकले जाणारे ‘हिवाळी’ डिझेल म्हणजे हे ६ अंशांच्या मर्यादेतले डिझेल. प्रत्यक्षात ते मर्यादेपेक्षा बरेच चांगले निघू शकते, परंतु उणे पंधरा अंशांत ते वाहील अशी हमी त्यात कोणी दिलेली नाही. उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे विंटर डिझेल हा निराळाच माल आहे. इंडियन ऑइलने तो नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाख, कारगिल, काझा, केलाँग अशा भागांसाठी आणला. म्हणजे औषध काझाला मिळते आणि दुखणे त्याच्या शंभरेक किलोमीटर अलीकडे सुरू होते.

मुंबई ते सिमला या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. रस्ता चांगला आहे आणि जेवण सर्वत्र मिळते. मनालीकडून येणाऱ्या वाटेवरची कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असल्याने काझाला जाण्यासाठी रामपूर, रिकाँग पिओ आणि नाको हा किन्नौरचाच मार्ग उरतो. पिओच्या खाली पोवारी येथे पंप आहे आणि त्यानंतर थेट काझापर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर, पंप नाही. त्यामुळे ‘पोवारीला टाकी फुल्ल करा’ हा सल्ला जो तो देतो. उन्हाळ्यात तो योग्य आहे. जानेवारीत तो चुकीचा आहे, कारण टाकी जितकी साध्या डिझेलने भरलेली, तितकी काझाला पोहोचल्यावर विंटर डिझेलसाठी जागा कमी.

नाको साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. सकाळी गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली, तेव्हा सर्वांना हायसे वाटले. काही मिनिटांत इंजिन गचके देऊ लागले आणि बंद पडले. हे लक्षण नीट ध्यानात ठेवावे: फिल्टरच्या पुढे असलेल्या थोड्या डिझेलवर इंजिन सुरू होते, आणि तुंबलेल्या फिल्टरमधून नवे डिझेल न आल्यामुळे मरते. यात बॅटरीचा दोष नसतो. परंतु लोक बॅटरीला दोष देऊन सेल मारत राहतात आणि थंडीने आधीच निम्मी झालेली बॅटरी खरोखरच संपवतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नये, आणि दोन-तीनदा मारून गाडी सुरू झाली नाही तर थांबावे.

थांबणे आमच्या नशिबी नव्हते, कारण हॉटेलवाल्याने फोन करून खालच्या बाजूचा एक मेकॅनिक बोलावून घेतला. त्याने आल्याबरोबर सात हजार रुपयांचा आकडा सांगितला, त्याला ‘हीटिंग चार्ज’ असे नाव दिले आणि ब्लो टॉर्च पेटवून तो टाकीखाली शिरू लागला. अलीकडच्या बहुतेक गाड्यांची टाकी प्लास्टिकची असते, हे त्याला माहीत नसावे किंवा त्याचे त्याला सोयरसुतक नसावे. आमच्या मेहुण्यांनी त्याला पाय धरून बाहेर ओढले, हे मी शब्दशः लिहीत आहे. अखेर आम्ही मुंबईहून नेलेला आमचाच नवा फिल्टर बसवण्याचे त्याने साडेचार हजार रुपये घेतले, आणि नवा फिल्टरही लगेच तुंबला, कारण टाकीतले डिझेल तेच होते. या माणसासाठी नव्हे, तर या तर्कासाठी सांगतो: डिझेल गरम झाल्याशिवाय फिल्टर बदलणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे होय.

गाडी ओढण्यासाठी गावातला ट्रॅक्टर मागवला, तर तोही बंद. त्याच्याही टाकीत खालून आणलेलेच डिझेल होते. ट्रॅक्टरमालक मात्र शांत होते. ‘धूप आने दो’ एवढेच म्हणून ते चहा घेत बसले. ऊन वर आल्यावर त्यांनी फिल्टरवर जाड फडके गुंडाळले, त्यावर कढत, पण उकळते नसलेले, पाणी थोडे थोडे ओतले, फिल्टरच्या तळातले पाणी काढून टाकले, हवा काढण्याचा स्क्रू सैल केला आणि हातपंपाने दाबत बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वर आणले. ट्रॅक्टर सुरू झाला. मग त्यांनी आमच्या गाडीलाही तोच उपाय केला, तिला वाऱ्याच्या आडोशाला पण उन्हात नेऊन उभे केले, आणि दुपारी ती चालू झाली. पैसे विचारले तेव्हा त्यांनी मानेनेच नाही म्हटले. ते आपल्या ट्रॅक्टरमध्ये थोडे रॉकेलही मिसळतात. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला ते बऱ्यापैकी चालून जाते. बीएस-६ गाडीत, म्हणजे धुराच्या नव्या नियमांनुसार बनलेल्या गाडीत, मात्र रॉकेल अजिबात घालू नये, कारण त्यात वंगणाचा गुण कमी असतो आणि अतिउच्च दाबाचा पंप, इंजेक्टर व धूर गाळणारा फिल्टर यांची वाट लागू शकते. पेट्रोल मिसळण्याचा सल्ला देणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

आता माझे ठाम मत. जाताना नाको किंवा ताबो येथे मुक्काम करू नये. ज्यांना उंचीची सवय नाही त्यांनी पिओलाच दोन रात्री काढाव्यात, पहाटे निघावे आणि उजेड असतानाच काझा गाठावे. चालत्या गाडीत इंजिनाकडून टाकीकडे परतणारे गरम डिझेल स्फटिक सहसा धरू देत नाही. पोवारीला टाकीत एकूण तीस लिटरच राहील असे भरावे. दहाची सरासरी धरली तरी काझापर्यंत वीस पुरतात आणि दहा अडीअडचणीसाठी उरतात. डिझेल न गोठण्याचे द्रावण तिथेच, भरण्याच्या आधी, टाकीत ओतावे. ते स्फटिकांची वाढ रोखते, धरलेले मेण वितळवत नाही, म्हणून गाडी बंद पडल्यावर ओतून उपयोग शून्य. मुंबईत एका दुकानदाराने या नावाखाली आम्हांला इंजेक्टर साफ करण्याची बाटली विकली होती. तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काझाला पोहोचताच, हॉटेलात सामान टाकण्याच्याही आधी, पंपावर जावे, विंटर डिझेलच आहे ना हे विचारून घ्यावे आणि इथे मात्र टाकी काठोकाठ भरावी. त्यानंतर गाडी लगेच उभी करू नये, कारण नळ्यांत आणि फिल्टरमध्ये अजून जुनेच डिझेल असते. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी. काझाजवळच्या ‘की’ नावाच्या बौद्ध मठाचा रस्ता मोकळा असेल तर त्याच फेरीत, थोडे अंतर वाढले तरी, तेही होऊन जाते. नाकोचा तलाव आणि ९९६ साली स्थापन झालेला ताबोचा मठ परतीच्या वाटेवर, टाकीत योग्य डिझेल असताना पाहावेत. आम्ही तसेच केले आणि त्याच नाकोत गाडी सकाळी सुरू झाली ती झालीच.

ज्यांच्या गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावण लागते त्यांनी उणे ११ अंशांना ते गोठते हे लक्षात घ्यावे. गाडी ते स्वतःच वितळवते, त्यामुळे त्यासाठी कोणा मेकॅनिकला बोलावू नये. फक्त ती टाकी काठोकाठ भरू नये, कारण गोठताना द्रावण फुगते. आणि ज्यांच्याकडे पेट्रोलची गाडी आहे त्यांना वरील सर्व मजकुरापैकी बॅटरीचा भाग तेवढा लागू आहे.