रात्रपाळी, नखं आणि एक फॉर्म

रात्रपाळी संपवून आले, पण झोप येत नाही. डाव्या मनगटावर चार नखांचे ओरखडे आहेत, करंगळीचा सगळ्यात खोल. रक्त आलं म्हणून साबणाने धुतलं, हिपॅटायटिससाठी तपासायला दिलं.

पहाटे तीनला झालं. आमच्या सायकियाट्री वॉर्डातला एक पेशंट कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता. "चला, पडा आता" म्हणत मी थेट समोरून गेले. नव्या मुलींना २० वर्षं सांगतेय, तिरक्या उभ्या राहा, हातभर अंतर ठेवा, दार आपल्या बाजूला असू द्या. आणि मीच! त्याने माझ्या ओळखपत्राची दोरी ओढली तशी तिची क्लिप सुटली, म्हणून गळा वाचला. मनगट त्याच्या अंगठ्याच्या बाजूने सोडवेपर्यंत नखं रुतली होती.

पेशंट हिंसक होण्याचा धोका मोजणारा ब्रोसेट तक्ता रात्री नऊला मीच भरला होता. गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाणं, आदळआपट. असेल तर १, नसेल तर ०. चिडचिडीला १ दिला. तीनपर्यंत बेरीज ३ झाली असती, म्हणजे धोका जास्त. पण पुन्हा भरायला सवड कुणाला? वॉर्डात आम्ही दोघीच, त्यातली एक औषधांच्या खोलीत.

घटनेच्या नोंदीच्या फॉर्मवर रकाना आहे: 'घटनेपूर्वी कर्मचाऱ्याने काय केले?' तिथे पेन अडलं. पाळीवर किती जणी होत्या, याला रकाना नाही. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "अगं, सायकियाट्रीत हे चालायचंच." जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी २००२ मध्येच शिवीगाळसुद्धा हिंसेत धरलीय. आमच्याकडे शिव्यांचा फॉर्म भरला तर हसतील.

सकाळी त्याचा राग येत होता. मानसिक आजार असलेले बहुतेक लोक कुणाच्या अंगावर जात नाहीत, हे नातेवाइकांना मीच सांगते, तरी येत होता. आता वेगळंच डोक्यात घोळतंय. तो म्हणत होता, "सिस्टर, पाय ठरत नाहीत." हॅलोपेरिडॉलचा डोस गेल्या आठवड्यात वाढवलाय. त्याने अशी तगमग होते, एका जागी बसवत नाही, अकॅथिसिया. मी नोंदीत 'उत्तेजित' लिहून मोकळी झाले. मघाशी डॉक्टरांना फोन केला. बघतो म्हणाले.

फॉर्म अर्धा भरलेला, पर्समध्ये आहे. आज पुन्हा तिथेच रात्रपाळी. त्याची नखं कित्येक दिवसांत कुणी कापलेली नाहीत, मीही नाही. वॉर्डातले दिवे मालवायच्या आधी, त्याला विचारून कापायची. वॉर्डबॉयला सोबत घेऊन.